देणगीदाराचे नाव कोणाला कळावे? : निवडणूक रोखे, धोरण-अभ्यास संस्था आणि पारदर्शकतेच्या कल्पनेची चिकित्सा

प्रास्ताविक

१९५७ साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनीचे एक प्रकरण मुंबई उच्च न्यायालयासमोर आले. राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून कंपनीला आपल्या घटनापत्रात बदल करावयाचा होता आणि तिच्या एका भागधारकाची त्याला हरकत होती. मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी तत्कालीन कायद्याच्या चौकटीत राहून कंपनीच्या बाजूने निर्णय दिला. मात्र तो देताना त्यांनी आपली अस्वस्थता लपविली नाही. कंपन्यांच्या पैशाचा हा ओघ वाढत गेला तर त्यात लोकशाहीच गुदमरून जाईल, अशी भीती त्यांनी व्यक्त केली आणि संसदेने या प्रश्नात लक्ष घालावे असे सुचविले. कायदा एका बाजूला आणि न्यायाधीशाची सदसद्विवेकबुद्धी दुसऱ्या बाजूला, असे हे निकालपत्र आहे. भारतातील राजकीय देणग्यांच्या चर्चेचा आरंभ त्यापासून करणे उचित ठरते.

त्यानंतरचा कायद्याचा प्रवास हा धरसोडीचा इतिहास आहे. १९६० मध्ये कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन देणगीवर मर्यादा आली आणि ती हिशेबात दाखविणे बंधनकारक झाले. १९६९ मध्ये अशा देणग्यांवर संपूर्ण बंदी आली; पक्षांचा खर्च मात्र थांबला नाही, त्यामुळे पैसा वहीतून उठून पेटीत गेला. १९८५ मध्ये बंदी उठली. २०१३ च्या कंपनी अधिनियमाने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्के ही मर्यादा घातली व पक्षाचे नाव जाहीर करण्याचे बंधन ठेवले. २०१७ च्या वित्त अधिनियमाने ही मर्यादा काढून टाकली आणि पक्षाचे नाव सांगण्याचे बंधनही काढून टाकले.

या सर्व काळात एक शब्द प्रत्येक सरकारच्या तोंडी राहिला, तो म्हणजे ‘पारदर्शकता’. बंदी घालणाऱ्यांनी तो वापरला, बंदी उठविणाऱ्यांनी वापरला, आणि निनावी रोख्यांची योजना मांडणाऱ्यांनीही वापरला. प्रस्तुत लेखात या शब्दाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न आहे. राजकीय पक्षांना मिळणारा पैसा आणि ज्यांना सर्रास ‘थिंक टँक’ म्हटले जाते त्या धोरण-अभ्यास संस्थांना मिळणारा पैसा, हे दोन विषय सामान्यतः वेगवेगळे चर्चिले जातात. ते एकत्र ठेवून पाहिल्यास असे आढळते की भारतीय कायद्याने ‘पारदर्शकता’ या नावाखाली मुख्यतः शासनाला दिसण्याची सोय केली. नागरिकाला दिसण्याची सोय त्यात ओघाने येईल असे गृहीत धरले गेले आणि ती आली नाही.

एक बँक, दोन वह्या

नवी दिल्लीतील संसद मार्गावर क्रमांक ११ येथे भारतीय स्टेट बँकेची मुख्य शाखा आहे. विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियमात २०२० साली झालेल्या दुरुस्तीनुसार परदेशातून निधी घेणाऱ्या देशातील प्रत्येक संस्थेला तो निधी प्रथम याच शाखेतील खात्यात घ्यावा लागतो. संस्था गडचिरोलीत असो वा गुवाहाटीत, पैसा संसद मार्गावरूनच जातो. त्याच दुरुस्तीने असा निधी दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करण्यास मनाई केली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आणली आणि पदाधिकाऱ्यांचे आधार क्रमांक मागितले. संशोधन संस्थेच्या दृष्टीने यातील वीस टक्क्यांची अट विशेष जाचक आहे, कारण संशोधकाचे वेतन हाच अशा संस्थेचा मुख्य खर्च असतो आणि त्यातील किती भाग ‘प्रशासकीय’ धरायचा यावर वाद होऊ शकतो. आवश्यक ते निरीक्षण करता यावे, व्यवहार स्वच्छ व्हावेत, असे या तरतुदींचे समर्थन होते.

याच बँकेत, आणि याही शाखेत, २०१८ पासून निवडणूक रोखे विकले जात होते. १ फेब्रुवारी २०१७ च्या अर्थसंकल्पी भाषणात अरुण जेटली यांनी या योजनेची घोषणा केली व २ जानेवारी २०१८ रोजी ती अधिसूचित झाली. एक हजार रुपयांपासून एक कोटी रुपयांपर्यंतचे हे बिनव्याजी रोखे कोणत्याही नागरिकाला वा कंपनीला विकत घेता येत. पंधरा दिवसांत ते पक्षाच्या खात्यात भरावे लागत. खरेदीदाराची ओळख बँक तपासून घेत असे. मात्र ते नाव ना मतदाराला कळे, ना निवडणूक आयोगाला. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, आयकर अधिनियम, रिझर्व्ह बँक अधिनियम आणि कंपनी अधिनियम या चारही कायद्यांत त्यासाठी बदल केले गेले, आणि ते वित्त विधेयकातून केल्यामुळे राज्यसभेच्या संमतीची गरज उरली नाही. धारकाच्या हातातील अशा साधनाबद्दल रिझर्व्ह बँकेने आधीच शंका व्यक्त केली होती. निवडणूक आयोगाने मे २०१७ मध्ये विधी मंत्रालयाला पत्र लिहून हे मागे नेणारे पाऊल असल्याचे कळविले होते.

एका शाखेत दोन वह्या होत्या. अभ्यास करणाऱ्या संस्थेची वही सरकारने मागावी तेव्हा उघडली जाई. निवडणूक लढविणाऱ्या पक्षाच्या देणगीदाराची वही मात्र नागरिकासाठी कुलूपबंद होती. हा केवळ काव्यात्म विरोधाभास म्हणून सोडून देता येत नाही. दोन्ही व्यवस्थांचे प्रयोजन एकाच शब्दाने सांगितले गेले होते.

आणि दुसरी वही सर्वांसाठी सारखीच बंद होती काय? एप्रिल २०१८ मध्ये एका महिला पत्रकाराने रोखे विकत घेऊन प्रयोगशाळेत तपासून घेतले, तेव्हा प्रत्येकावर साध्या डोळ्यांना न दिसणारा, अतिनील प्रकाशात दिसणारा एक क्रमांक असल्याचे उघड झाले. हा क्रमांक बनावटगिरी टाळण्यासाठी आहे, बँक तो खरेदीदाराच्या वा पक्षाच्या नावासमोर नोंदवीत नाही, असा खुलासा अर्थ मंत्रालयाने त्याच महिन्यात केला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २१ मार्च २०२४ रोजी हेच क्रमांक खरेदीदारांच्या आणि पक्षांच्या याद्यांसह प्रसिद्ध झाले व कोणाचा रोखा कोणाकडे गेला हे जुळविता आले. म्हणजे नोंद होती. ती शासकीय मालकीच्या बँकेत होती. नव्हती ती फक्त मतदाराजवळ.

विदेशी अंशदानाच्या कायद्याचाही येथे एक स्वतंत्र अध्याय आहे. २८ मार्च २०१४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने भारतीय जनता पक्ष व काँग्रेस या दोन्ही पक्षांनी वेदान्त समूहातील कंपन्यांकडून देणग्या घेऊन १९७६ च्या कायद्याचा भंग केल्याचे म्हटले. दोषी ठरलेल्या दोन पक्षांत क्वचितच इतके एकमत दिसते, पण निकालाचा परिणाम कायदा पाळण्यात झाला नाही, कायदा बदलण्यात झाला. २०१६ च्या वित्त अधिनियमाने ‘विदेशी स्रोत’ या संज्ञेची व्याख्या पूर्वलक्षी प्रभावाने शिथिल केली. ती २०१० पर्यंतच मागे जात होती म्हणून २०१८ च्या वित्त अधिनियमाने ती ५ ऑगस्ट १९७६ पर्यंत मागे नेली. लोकसभेत त्या वर्षीचे वित्त विधेयक गोंधळात, चर्चेविना संमत झाले. ज्या कायद्याखाली लहानसहान संस्थांचे परवाने रद्द होत होते, त्याच कायद्यातून पक्षांना बेचाळीस वर्षांची माफी मिळाली.

निकालाचे सामर्थ्य आणि त्याची सीमा

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने रोख्यांची योजना एकमताने घटनाबाह्य ठरविली. न्या. संजीव खन्ना यांनी स्वतंत्र पण सहमतीचे निकालपत्र लिहिले. घटनेच्या कलम १९(१)(अ) मधील माहितीच्या अधिकारात पक्षाला पैसा कोण देतो हे जाणून घेण्याचा अधिकार येतो, हा या निकालाचा गाभा. तोवर मतदाराच्या जाणण्याच्या अधिकाराची चर्चा प्रामुख्याने उमेदवाराभोवती फिरत होती. उमेदवाराची मालमत्ता, शिक्षण, गुन्ह्यांची नोंद. तो अधिकार पक्षाच्या तिजोरीपर्यंत नेणे ही मोठी झेप होती.

निकालातील सर्वांत विचारप्रवर्तक भाग देणगीच्या स्वरूपाविषयीचा आहे. देणगी ही पाठिंब्याची खूण असते आणि सौद्याची किंमतही असते, हे न्यायालयाने मान्य केले. सामान्य माणसाच्या छोट्या देणगीत त्याचे राजकीय मत दडलेले असते व त्या मताच्या गोपनीयतेला संरक्षण हवे. कंपनीची देणगी मात्र निखळ व्यावसायिक व्यवहार असते. या भेदामुळेच वीस हजार रुपयांपर्यंतच्या देणगीदाराचे नाव न सांगण्याची जुनी सवलत टिकली आणि कंपन्यांना मोकळे रान देणारी दुरुस्ती मनमानी ठरली. तोट्यातील कंपनीलाही अमर्याद देणगीची मुभा देणाऱ्या कायद्यावर याहून नेमके बोट ठेवता आले नसते.

तथापि निकालाचे सामर्थ्य जेथे आहे तेथेच त्याची सीमाही आहे. न्यायालयाने देणगीचा दोष प्रामुख्याने देवघेवीत पाहिला: पैसा दिला, कंत्राट मिळाले; पैसा दिला, चौकशी थांबली. असा संशय घेण्यास जागा होतीच. योजनेच्या काळात सुमारे १६,५१८ कोटी रुपयांचे रोखे विकले गेले आणि प्रसिद्ध झालेल्या याद्यांत सर्वांत मोठा खरेदीदार १,३६८ कोटी रुपये देणारी, लॉटरीच्या व्यवसायातील एक कंपनी निघाली. परंतु देवघेव सिद्ध करण्यासाठी दोन तारखा आणि दोन नावे जुळवावी लागतात. त्या जुळविण्याचे काम विशेष तपास पथकाकडे द्यावे ही मागणी सर्वोच्च न्यायालयानेच २ ऑगस्ट २०२४ रोजी नाकारली. शिवाय २०१३ च्या नियमांनुसार चालणारे निवडणूक न्यास अबाधित राहिले. मिळालेल्या रकमेपैकी पंच्याण्णव टक्के रक्कम त्याच वर्षी पक्षांना वाटावी असे बंधन असलेल्या या न्यासांचे अहवाल निवडणूक आयोगाकडे जातात, ही रोख्यांच्या तुलनेत सुधारणा खरी. पण देणगीदारांची एक यादी आणि पक्षांची दुसरी यादी यांच्यामध्ये न्यास उभा असल्याने कोणाचा रुपया कोणाकडे गेला हे वाचकाला सांगता येत नाही.

प्रभावाचा एक प्रकार तर देवघेवीच्या या मोजपट्टीत मुळीच बसत नाही. तो विचारांच्या क्षेत्रातील आहे.

प्रश्न कोण निवडतो?

धोरण-अभ्यास संस्थेला दिलेला पैसा बहुधा निष्कर्ष विकत घेत नाही. तसे समजणे हा अभ्यासकांवर अन्याय आहे आणि देणगीदाराच्या चातुर्याचे अवमूल्यनही आहे. पैशाने निवडला जातो तो प्रश्न. दहा विषयांपैकी कोणत्या दोन विषयांवर संशोधक नेमले जातील, कोणत्या परिषदेला सचिव आणि संपादक बोलावले जातील, कोणता अहवाल इंग्रजीत सुबक छापला जाईल, हे निधीवर ठरते. उरलेल्या आठ विषयांवर कोणी खोटे बोलत नाही. त्यांवर कोणी बोलतच नाही. या मौनाला लाच म्हणता येत नाही आणि म्हणून कोणतेही न्यायालय त्याला हात घालू शकत नाही.

अमेरिकेत या प्रश्नाची जाहीर चर्चा २०१४ मध्ये झाली. सप्टेंबरमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने परकीय सरकारे वॉशिंग्टनमधील संस्थांना निधी देऊन आपले धोरण पुढे रेटतात असे दाखवून दिले. विकास-साहाय्यावरील अमेरिकेचा खर्च वाढावा यासाठी नॉर्वेने एका संस्थेला पन्नास लाख डॉलर दिल्याचे त्यातील उदाहरण गाजले. नॉर्वेची भूमिका बहुतेकांना सत्कार्याची वाटेल. संस्थेनेही आपल्या स्वातंत्र्याला बाध आल्याचे नाकारले. उदाहरणाचे मोल नेमके येथे आहे. हेतू चांगला असला तरी ऐकणाऱ्याला निधीचा स्रोत ठाऊक असला पाहिजे. २०१५ च्या आरंभी प्रतिनिधिगृहाने समित्यांपुढे साक्ष देणाऱ्या बिगर-सरकारी व्यक्तींनी परकीय सरकारांकडून मिळालेला संबंधित निधी जाहीर करावा असा नियम केला. नियम लहान आहे, पण त्याची दिशा योग्य आहे: ज्याने साक्ष ऐकायची त्याला माहिती मिळते.

भारतात या संस्थांची परंपरा वेगळ्या मुशीतून आली. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषदेला आरंभी फोर्ड फाउंडेशनचे साहाय्य होते. १९९० मध्ये निघालेल्या ऑब्झर्व्हर रिसर्च फाउंडेशनला रिलायन्स समूहाचे. ही नाती गुप्त नाहीत, आणि त्यांत काही गैर आहे असे म्हणण्याचे कारण नाही. ऑब्झर्व्हर संस्था २०१६ पासून परराष्ट्र मंत्रालयासमवेत ‘रायसीना संवाद’ भरविते. देणगीदार उद्योग, यजमान मंत्रालय आणि विचार मांडणारी संस्था एका मंचावर येतात तेव्हा त्या मंचावर कोणते प्रश्न विचारले गेले यासोबत कोणते विचारले गेले नाहीत हेही पाहावे, एवढेच येथे अभिप्रेत आहे. देशी देणगीवर चालणाऱ्या संस्थेने कोणता अभ्यास कोणाच्या पैशाने केला हे वाचकाला सांगावे असे बंधन कायदा घालीत नाही. २००६ च्या वित्त अधिनियमाने धर्मादाय संस्थांच्या निनावी देणग्यांवर तीस टक्के कर बसविला, तोही देणगीदार आयकर खात्याला कळावा यासाठी.

याउलट नवी दिल्लीच्या ‘सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च’चा अनुभव. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचा विदेशी निधीचा परवाना फेब्रुवारी २०२३ मध्ये स्थगित व जानेवारी २०२४ मध्ये रद्द झाला. संस्थेने दिलेल्या माहितीनुसार, तिने आपल्या संकेतस्थळावर धोरणविषयक अहवाल प्रसिद्ध करणे हे चालू घडामोडींचे प्रसारण ठरते, असे एक कारण त्यात होते. धोरणाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने धोरणावर लिहिणे हाच आक्षेप असेल, तर निधीचा हिशेब हा वादाचा विषय उरत नाही. येथे एक स्पष्ट केले पाहिजे: परकीय पैशावर नजर ठेवण्याचा शासनाचा अधिकार कोणी नाकारीत नाही. नॉर्वेचे उदाहरण त्या अधिकाराच्या बाजूचेच आहे. पण ज्या माहितीवरून नागरिकाने अहवाल तोलावयाचा, तिचा उपयोग अहवालच थांबविण्यासाठी होऊ लागला तर त्या व्यवस्थेला देखरेख म्हणावे, पारदर्शकता म्हणू नये.

जुलै २०२२ मधील एक घटना या संदर्भात फारशी चर्चिली गेली नाही. विदेशी निधीचा तिमाही तपशील संकेतस्थळावर जाहीर करण्याचे बंधन त्या महिन्यात नियमांतून वगळण्यात आले. त्याच सुमारास गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून संस्थांची वार्षिक विवरणपत्रे आणि रद्द झालेल्या परवान्यांच्या याद्याही काढून घेण्यात आल्या. मंत्रालयाला विवरणपत्रे पूर्वीसारखीच मिळत राहिली. वाचकाची खिडकी तेवढी लहान झाली.

पुण्यातील एक जुना दाखला

१९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली ती साताऱ्याचे रावबहादूर आर. आर. काळे यांनी भारत सेवक समाजाला दिलेल्या देणगीतून. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. गाडगिळांच्या काळातील पुण्याच्या फळबाजाराची पाहणी असो वा सोलापूर, पुणे या शहरांच्या सामाजिक-आर्थिक पाहण्या असोत, विषयांची निवड देणगीदाराच्या हितसंबंधांतून झाली असे म्हणण्यास आधार सापडत नाही. देणगी एकरकमी होती. दरवर्षी पुन्हा मागावयाची नव्हती. आजच्या प्रकल्पनिहाय, मुदतबंद निधीत हेच नेमके हरवले आहे. पुढे काळे यांच्या नावाने व्याख्यानमाला सुरू झाली आणि २९ जानेवारी १९३९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तीत १९३५ च्या कायद्यातील संघराज्य-योजनेवर कठोर टीका केली. सभागृहातील प्रत्येकाला व्याख्यानमागचे देणगीदाराचे नाव माहीत होते, आणि वक्त्याचे स्वातंत्र्यही डोळ्यांसमोर होते. दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात याचा हा दाखला. अर्थात एका सज्जन देणगीदारावरून कायदा रचता येत नाही.

प्रकटीकरणातील पेच

सर्व संस्थांनी सर्व देणगीदारांची नावे प्रसिद्ध करावीत, असा सरळ उपाय सुचविणे सोपे आहे. त्यात एक पेच आहे. शासनावर टीका करणाऱ्या संस्थेला पैसा देणारा देशी उद्योजक आपले नाव छापून आल्यावर पुढच्या वर्षी देणगी देईलच असे नाही. गंमत अशी की रोख्यांच्या समर्थनार्थ सरकारने मांडलेला युक्तिवाद हाच होता: नाव उघड झाले तर इतर पक्ष देणगीदारावर सूड उगवतील. न्यायालयाने तो स्वीकारला नाही आणि ते योग्यच झाले, कारण त्या योजनेत नाव लपत होते ते मतदारापासून. ज्याच्याकडून सूडाची भीती सर्वाधिक, त्या सत्तेच्या बँकेत ते नोंदलेलेच होते. हाच निकष संस्थांना लावला तर उत्तर थोडे स्पष्ट होते. संस्थांच्या देणगीदारांची नावेही आयकर खात्याला ठाऊक असतातच. छापल्याने नवी माहिती मिळते ती नागरिकाला. भीतीचे कारण प्रसिद्धी नसून तिच्या आधीची नोंद आहे. तरीही लहान देणगीदाराला वगळणारी मर्यादा हवी, आणि ती पक्षांच्या वीस हजारांहून बरीच वर असण्यास हरकत नाही. अभ्यास संस्थेला हजार लोकांनी दिलेल्या छोट्या देणग्या तिचा कल बदलू शकत नाहीत.

राजकीय पक्षांच्या बाबतीत आशा कमी आहे. केंद्रीय माहिती आयोगाने ३ जून २०१३ रोजी सहा राष्ट्रीय पक्षांना माहिती अधिकाराच्या कक्षेत आणले. एकाही पक्षाने आदेश मानला नाही. संस्थांच्या बाबतीत मात्र राज्यांना काही करता येण्याजोगे आहे. महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखाली प्रत्येक न्यासाला आपले तपासलेले हिशेब धर्मादाय आयुक्तांना सादर करावे लागतात. त्या हिशेबाचा हेतू विश्वस्तांनी पैशाचा अपहार केला नाही हे पाहण्याचा आहे. धोरणविषयक अहवाल प्रसिद्ध करणाऱ्या न्यासांसाठी त्याला एक परिशिष्ट जोडून, कोणता अभ्यास कोणत्या मोठ्या देणगीतून झाला एवढे त्यात लिहिण्यास सांगता येईल, आणि तेच वाक्य अहवालाच्या पहिल्या पानावर छापावयास लावता येईल. मुंबई-पुण्यातील न्यास त्याच्या कक्षेत येतील. दिल्लीत ना-नफा कंपनी म्हणून नोंदलेल्या आणि राष्ट्रीय धोरणावर अधिक प्रभाव असलेल्या संस्था मात्र त्याबाहेर राहतील. त्यांच्यासाठी बदल कंपनी कायद्यातच, म्हणजे पुन्हा संसदेतच, करावा लागेल.